गुलाबाचा भाव सगळे विचारतात, वाण कोण विचारणार?

आपल्या समाजातील किती घरांची चूल गुलाबावर पेटते, याचा हिशेब कुणी मांडलेला नाही. अत्तरवाले आहेत, गुलाबपाणी भरणारे आहेत, गुलकंद घालून तो पानवाल्यांना आणि हकिमांना पुरवणारे आहेत. दर्ग्याच्या दारात फुलांच्या चादरी विणणारे आहेत, लग्नाचे सेहरे गुंफणारे कारीगर आहेत, मंडईत फुलांची आडत चालवणारे बागवान आहेत. कनौजचे अत्तर मुंबईच्या मोहंमद अली रोडवर विकणारा आणि पुण्याच्या गुलटेकडीत पहाटे फुलांच्या पाट्या उचलणारा, दोघांचे भांडवल एकच आहे: गुलाबाची पाकळी.

तरीही या पाकळीविषयी आपण फार कमी विचारतो. सराफ सोने घेताना कस लावतो. कापडाचा व्यापारी सूत किती नंबरचे ते विचारतो. सुतार लाकूड घेताना सागवान कोणत्या रानातले, ते ठोकून पाहतो. गुलाबाचा खरेदीदार मात्र दोनच प्रश्न विचारतो: भाव काय, आणि माल ताजा आहे का? हे फूल कोणत्या वाणाचे, त्याला वास किती, त्याचे झाड किती फवारणीवर जगते, हे प्रश्न आपल्या बाजारात क्वचितच ऐकू येतात.

माझे म्हणणे असे की, गुलाबाचे कोणते वाण टिकेल आणि कोणते नामशेष होईल, हे शेवटी खरेदीदाराच्या हातात असते. शास्त्रज्ञ वाण तयार करतो, शेतकरी ते लावतो. पण ज्याला गिऱ्हाईक नाही ते वाण दोन-चार वर्षांत बांधावरून उपटले जाते. आपण वजनाला आणि लाल रंगालाच पैसे देत राहिलो, तर वासाचे गुलाब जातील आणि त्यांच्या मागोमाग आपला धंदाही जाईल. हे कसे, ते समजण्यासाठी गुलाबाच्या घराण्याची थोडी ओळख करून घ्यावी लागेल.

गुलाबाचे घराणे

गुलाबाच्या रानटी जाती साधारण दीडशे मानल्या जातात. काही शास्त्रज्ञ त्याहून अधिक मोजतात. या सर्व जाती पृथ्वीच्या उत्तरार्धातल्या आहेत. कुणी बर्फात उभी राहते, कुणी वाळवंटाच्या कडेला, कुणी दलदलीत. कुणाला पाच पाकळ्या, कुणाला वास कस्तुरीसारखा, कुणाला चहाच्या पत्तीसारखा, तर कुणाला नकोसा वाटणारा उग्र दर्प. हा जो वेगळेपणाचा साठा आहे, त्याला शास्त्रात जनुकीय विविधता म्हणतात. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर हे गुलाबाचे गोदाम आहे. नवा माल काढायचा तो याच गोदामातून.

प्रत्येक पेशीत गुणसूत्रे असतात आणि त्यांवर रंग, वास, काटे, रोगाशी टक्कर देण्याची ताकद यांची नोंद असते. गुलाबात ७ गुणसूत्रांचा एक संच धरतात. चिनी गुलाबात असे दोन संच, म्हणजे १४ गुणसूत्रे. अत्तराच्या दमास्क गुलाबात आणि आजच्या बहुतेक मोठ्या फुलांच्या गुलाबांत चार संच, म्हणजे २८. युरोपातल्या 'डॉग रोझ' नावाच्या रानगुलाबात ३५, तर चीनमधल्या एका जातीत ७०. हे आकडे नुसते पाठ करायचे नाहीत. १४ वाल्याचा २८ वाल्याशी संकर केला की संतती येते ती बहुधा २१ ची. तिच्यातल्या जोड्या नीट जुळत नाहीत आणि तिला पुढे सहसा बी धरत नाही. म्हणून रानगुलाबातला एखादा चांगला गुण बागेतल्या गुलाबात आणायचा तर एका पिढीत काम होत नाही, कित्येक पिढ्या आणि बरीच वर्षे खर्ची पडतात.

संकराची रीत समजायला सोपी आहे. मादी म्हणून निवडलेल्या झाडाची कळी उमलण्याआधीच तिच्या पाकळ्या आणि पुंकेसर काढून टाकायचे, नर म्हणून निवडलेल्या फुलाचे पराग कुंचल्याने तिला लावायचे आणि वर पिशवी बांधायची. फळ पिकले की बी काढायचे, थंडाव्यात ठेवायचे आणि मग पेरायचे. त्या बियांतून जितकी रोपे उगवतात, तितके नवे गुलाब. एकाच आईबापाची सख्खी भावंडेही एकसारखी नसतात. अशा हजारो रोपांतून पैदासकार एखादे निवडतो. मग त्या एका झाडाचे डोळे काढून खुंटावर भरले जातात आणि लाखो रोपे तयार होतात.

म्हणजे बाजारात आपण ज्याला 'वाण' म्हणतो, ते मुळात एकच झाड असते. बाकी सगळ्या त्याच्या नकला. ही गोष्ट पक्की लक्षात ठेवावी, कारण पुढचा सगळा धोका यातूनच निघतो.

उसनवारीवर उभा राहिलेला गुलाब

आज आपल्याला बारमाही गुलाब मिळतो, हे कायमचे नव्हते. युरोपातले बहुतेक सर्व जुने गुलाब वर्षातून एकदाच फुलत. पुन्हा पुन्हा फुलण्याचा गुण आला चीनच्या बागांतून. अठराव्या शतकाच्या शेवटी हे चिनी गुलाब जहाजांतून युरोपात पोहोचले. जहाजे कलकत्त्याला थांबत, तिथल्या वनस्पती उद्यानात रोपे विसावत, म्हणून फ्रान्समध्ये या चिनी गुलाबांना चक्क 'बंगालचा गुलाब' म्हणत. व्यापारी मार्गावर मालाचे मूळ गाव कसे पुसले जाते, त्याचा हा नमुना आहे. त्यांतला एक गुलाबी रंगाचा 'ओल्ड ब्लश' आजही बागांत आहे. २०१८ साली शास्त्रज्ञांनी गुलाबाची संपूर्ण जनुकीय वही वाचली ती याच झाडाची.

या चिनी रक्ताचा युरोपच्या गुलाबांशी संकर होत होत १८६७ मध्ये फ्रान्समधील गिलो यांच्या बागेत 'ला फ्रान्स' हे फूल आले. त्याला पहिला 'हायब्रिड टी' गुलाब मानतात. आज गुलदस्त्यात लांब दांडीचा, टोकदार कळीचा जो गुलाब दिसतो, तो याच वळणाचा. पण त्यात गडद पिवळा रंग नव्हता. पेर्ने-दुशे या फ्रेंच पैदासकाराने इराणी पिवळ्या गुलाबाचा संकर साधला आणि १९०० मध्ये 'सोलेय द'ऑर' बाजारात आणला. आजचे पिवळे, केशरी आणि दुरंगी गुलाब त्या एका कामाचे ऋणी आहेत.

मात्र या सौद्यात एक खोट होती. त्या पिवळ्या गुलाबावर पानांवरचे काळे ठिपके हा बुरशीचा रोग फार चटकन पडतो. रंगाबरोबर ती कमजोरीही पुढच्या पिढ्यांत पसरली. त्यामुळे बागाईतदाराच्या पाठीवर फवारणीचा पंप आला तो आला, अजून उतरलेला नाही. एखादा गुण विकत घेताना त्याच्याबरोबर कोणते देणे येते ते पाहावे, ही व्यापारातली जुनी शहाणपणाची गोष्ट झाडांनाही लागू आहे.

असेच वासाचे झाले. विसाव्या शतकात कापून विकायच्या फुलांचा धंदा वाढला. फूल विमानातून जावे, फुलदाणीत आठवडाभर टिकावे, दांडी सरळ असावी, याच गुणांवर निवड होत गेली. वास कुणी मोजत नव्हते, म्हणून वास मागे पडला. १९९० च्या दशकात तळेगाव-मावळ भागात पॉलिहाऊस उभी राहिली तीही अशाच परदेशी वाणांवर. फुले देखणी, पण त्यांतल्या बहुतेकांना नाक लावले तर हाती काही लागत नाही. उघड्या शेतात महाराष्ट्रात वर्षानुवर्षे चाललेले 'ग्लॅडिएटर' हे वाणही १९५५ सालचे आणि परदेशी पैदाशीचे. पॉलिहाऊसच्या धंद्याला माझा विरोध नाही. ज्याला गुलदस्ते विकायचे त्याने ती फुले जरूर घ्यावीत. पण चादरीला, गुलकंदाला आणि अत्तराला तोच माल चालेल असे समजणे म्हणजे दिसायला सारखे म्हणून पितळ सोन्याच्या भावात घेणे आहे.

अत्तराचा गुलाब: सगळी मदार एका झाडावर

आता अत्तरवाल्या बंधूंनी विशेष लक्ष द्यावे असा मुद्दा. अत्तराच्या गुलाबाला दमास्क गुलाब म्हणतात, नाव दमिश्क शहरावरून. हा गुलाब कुठून आला याविषयी अनेक तर्क होते. २००० मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी डीएनए तपासून दाखवले की तो तीन जातींच्या मिलाफातून झाला: कस्तुरी वासाचा मोस्काटा, युरोप व पश्चिम आशियातला गॅलिका, आणि मध्य आशियाच्या डोंगरातला फेडचेंकोआना. तीन मुलखांची माती एका फुलात आली तेव्हा हा वास जन्मला.

पुढच्या तपासण्यांतून अधिक महत्त्वाची गोष्ट कळली. बल्गेरियाचे कझानलाक खोरे आणि तुर्कस्तानचा इस्पार्टा भाग हे जगातले गुलाबतेलाचे दोन मोठे बाजार. तिथली तेलाची झाडे तपासली, तर ती जनुकांच्या दृष्टीने एकसारखी निघाली. २००७ मध्ये इराणभरातले नमुने तपासले तेव्हा नऊ वेगवेगळे प्रकार सापडले. पण गुलाबपाण्याचा मुख्य मुलूख असलेल्या इस्फहान प्रांतातला प्रकार नेमका बल्गेरिया-तुर्कस्तानसारखाच होता. इस्पार्टाच्या बाबतीत हे आश्चर्याचे नाही. १८८८ मध्ये इस्माईल एफेंदी या गृहस्थांनी तिथे हा गुलाब आणून लावला आणि शहराचे नशीब पालटले. फुटव्यांनी आणि कलमांनी वाढवलेले झाड दुसरीकडे गेले तरी तेच झाड राहते.

याचा अर्थ काय? जगाच्या गुलाबतेलाचा फार मोठा हिस्सा एकाच झाडाच्या नकलांवर उभा आहे. एका किलो तेलाला साधारण साडेतीन ते चार हजार किलो फुले लागतात, तीही सूर्य वर येण्याआधी तोडलेली. इतक्या महाग मालाची सगळी मदार एका प्रकारावर ठेवणे म्हणजे सगळी पुंजी एकाच आसामीला उधार देण्यासारखे आहे. तो आसामी आज सचोटीचा आहे. उद्या तो आजारी पडला तर?

हा नुसता भीतीचा बागुलबुवा नाही. १८४५ मध्ये आयर्लंडमध्ये गरिबांचे पोट बटाट्याच्या जवळजवळ एकाच वाणावर भरत होते. करपा आला, सगळे पीक एकदम सडले आणि लाखो माणसे उपासमारीने आणि रोगाने मेली. केळीत 'ग्रोस मिशेल' नावाचे वाण जगाच्या बाजारात होते. पनामा मर रोगाने विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्याचा व्यापार संपवला. जळगावच्या बागवानांना हे वेगळे सांगायला नको. त्यांची 'ग्रँड नैन' केळीही एकाच प्रकारच्या नकला आहेत आणि अलीकडच्या वर्षांत सीएमव्ही या विषाणूने बागाच्या बागा उपटाव्या लागल्याचे त्यांनी पाहिले आहे. सगळे सारखे असले की रोगाला एकच कुलूप उघडावे लागते.

खानदेशच्या गवताची गोष्ट

गुलाबाच्या वासाची नक्कल ही आजची गोष्ट नाही, आणि त्या इतिहासात आपलाही वाटा आहे. खानदेशात रोशा गवत होते. एकोणिसाव्या शतकातल्या नोंदी सांगतात की पावसाळा संपताना भिल्लांकडून हे गवत विकत घेऊन ओढ्याकाठी भट्ट्या लावून तेल काढणारे कारीगर बहुतेक मुसलमान होते. ते तेल मुंबईच्या बंदरातून तांबड्या समुद्राकडे आणि पुढे इस्तंबूलला जाई. तिथून ते बल्गेरियात पोहोचून महागड्या गुलाबतेलात मिसळले जाई. कारण दोन्ही तेलांत जिरॅनिऑल नावाचा एकच सुगंधी घटक आहे. रोशाच्या तेलात तर तो फार मोठ्या प्रमाणात असतो.

मग रोशाचे तेल म्हणजे गुलाब का नाही? कारण गुलाबाच्या तेलात असे शेकडो घटक असतात. त्यांतले काही, जसे डॅमॅसेनोन, अगदी नगण्य प्रमाणात असूनही वासाचा सगळा रंग बदलतात. २०१५ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञांनी 'पापा मेयाँ' हा घमघमणारा आणि 'रूज मेयाँ' हा बिनवासाचा असे दोन लाल गुलाब शेजारी ठेवून तपासले. जिरॅनिऑल तयार करायला गुलाब इतर वनस्पतींपेक्षा वेगळीच वाट वापरतो आणि त्यासाठी त्याच्या पाकळीत एक खास जनुक काम करते, असे त्यांना दिसले. बिनवासाच्या फुलात ते जनुक जवळजवळ निजलेले होते. या शोधाचा धंद्याला उपयोग असा की वास हा योगायोग राहिला नाही. रोप लहान असतानाच पानाच्या तपासणीवरून त्याच्या फुलाचा काहीसा अंदाज घेण्याची वाट यातून मोकळी होते. पैदासकाराची वर्षे वाचू शकतात. मात्र निवडायला गोदामात वासाची झाडे शिल्लक असली पाहिजेत. रिकाम्या गोदामात कितीही चांगला दिवा लावला तरी माल दिसणार नाही.

आपल्या देशाची पुंजी

हिंदुस्थानात ही पुंजी थोडी नाही. जहाँगीर बादशहाने आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे की नूरजहाँच्या आईने गुलाबपाणी काढताना वर तरंगणारा तेलाचा तवंग गोळा केला, आणि त्या अत्तराला 'इत्र-ए-जहाँगिरी' हे नाव मिळाले. आज लखनौच्या सीमॅप या सरकारी संस्थेने दमास्क गुलाबाचे 'नूरजहाँ' आणि 'रानीसाहिबा' हे वाण दिले आहेत. पालमपूरच्या संस्थेने 'ज्वाला' आणि 'हिमरोझ' दिले आहेत. थंडी मागणारा हा गुलाब आपल्या महाराष्ट्रात सगळीकडे जमणारा नाही. पण कनौज, हाथरस, पुष्कर इथून माल उचलणाऱ्या आपल्या अत्तरवाल्यांनी निदान ही नावे माहीत करून घ्यावीत.

दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेचे डॉ. बी. पी. पाल हे तांबेऱ्याला टिकणाऱ्या गव्हाचे मोठे पैदासकार. तेच गुलाबाचेही पैदासकार होते. उन्हाळ्याच्या देशात फुलतील असे गुलाब त्यांनी काढले; १९६२ चे 'रोझ शरबत' हे त्यांचे वासाचे वाण. पुढे कोडाईकनालच्या विराराघवन दाम्पत्याने आपल्या रानातल्या दोन जाती कामाला लावल्या. एक, बंगाल-बिहारच्या पाणथळीत वाढणारी क्लिनोफायला. साधा गुलाब मुळाशी पाणी साचले की कुजतो, ही पाण्यात उभी राहते. दुसरी, मणिपूर-नागालँडच्या डोंगरात झाडांवर चढणारी जायगँटिया, जिच्यापासून चहाच्या वासाचे गुलाब उतरले. उष्ण हवेचे गुलाब हवेत तर बीज इथेच आहे, हे त्यांनी दाखवून दिले.

रोगाच्या बाबतीतही तोडगा रानातच आहे. पूर्व आशियातल्या मल्टिफ्लोरा या रानगुलाबात काळ्या ठिपक्यांशी लढणारे जनुक सापडले आहे. अमेरिकेत २००० मध्ये आलेले 'नॉक आउट' हे वाण फवारणी न करता टिकते म्हणून प्रचंड खपले. त्याला वास मात्र फारसा नाही. म्हणजे काम अर्धे झाले आहे. रोगाला टिकणारा आणि वासालाही भरघोस, असा गुलाब अजून हवाच आहे.

गुलकंदवाल्यांसाठी हा मुद्दा सर्वांत मोठा आहे. गुलकंदात पाकळी धुऊन-शिजवून नव्हे, तशीच साखरेत मुरते आणि गिऱ्हाईक ती खाते. गुलदस्त्याच्या फुलावर काय काय फवारलेले असते ते शेतकऱ्याला विचारा. खायच्या पाकळीला कमी फवारणीत तगणारे, पातळ पाकळीचे, सुवासिक वाण लागते. शुद्ध मालाची हमी बरणीवरच्या चिठ्ठीत नसते, झाडात असते.

काही आक्षेप

पहिला आक्षेप असा की, हे काम शास्त्रज्ञांचे आणि शेतकऱ्याचे; व्यापाऱ्याचा यात काय संबंध? संबंध हा, की शेतकरी तेच लावतो ज्याला दाम मिळतो. वासाच्या फुलाचे वजन बहुधा कमी भरते, ते लवकर कोमेजते. दोन्ही फुले एकाच भावाने तोलली तर शेतकरी वजनदार फूल लावणार. त्याला दोष देता येत नाही. आपल्या तराजूनेच वासाला बाजाराबाहेर काढले आहे.

दुसरा आक्षेप, गिऱ्हाईक स्वस्त मागते, रसायनाचा वास त्याला चालतो. खरे आहे, आणि स्वस्त माल विकायला कुणाची हरकत नाही; फक्त त्यावर 'रूह गुलाब' लिहू नये. पण स्वस्ताईच्या स्पर्धेत मोठा कारखानदार आपल्याला कधीही हरवणार. लहान दुकानदाराकडे उरते ती ओळख: हा माल कुठला, कोणत्या फुलाचा, कोणत्या डेगेतला. रसायनाच्या बाटलीला ही ओळख नाही.

तिसरा आक्षेप वजनदार आहे. नवे वाण यायला आठ-दहा वर्षे लागतात. हातावर पोट असलेल्या माणसाने तोवर काय करावे? नवे वाण काढणे त्याचे काम नाही, हे मान्य. पण असलेले वाण जगवणे आजपासून होते आणि त्याला फार पैसाही लागत नाही.

काय करता येईल

एक, फुले घेताना वाणाचे नाव विचारावे आणि बिलावर लिहून घ्यावे. आडतदारांनी वासाची फुले वेगळ्या पाटीत लावावीत. नाव विचारले जाऊ लागले की शेतकरी नाव जपू लागतो.

दोन, अत्तर आणि गुलाबपाण्याच्या कारखानदारांनी दोन शेतांची सारख्या वजनाची फुले एकाच डेगेत वेगवेगळ्या दिवशी उतरवून पाहावीत. कोणत्या फुलाला जास्त तवंग आला ते डोळ्यांनी दिसेल. ज्याचा उतारा जास्त, त्याला किलोमागे जास्त दाम द्यावा. यात दानधर्म नाही, निव्वळ हिशेब आहे.

तीन, जुने देशी गुलाब गोळा करावेत. गावोगाव जुन्या वाड्यांच्या अंगणात, दर्ग्यांच्या आणि कब्रस्तानांच्या आवारात नाव हरवलेली गुलाबाची झाडे उभी आहेत. त्यांना वर्षानुवर्षे कुणी फवारलेले नाही, तरी ती जगली आहेत. हेच त्यांचे प्रमाणपत्र. जमातीच्या ताब्यातील एखाद्या गुंठ्यात प्रत्येकाची दोन-दोन कलमे लावली आणि कुठून आणली ते वहीत लिहिले, तर तो आपला ठेवा होईल. राहुरीसारख्या कृषी विद्यापीठातले लोक अशी झाडे दाखवली तर ओळखायला मदत करू शकतील.

चार, मुलांना डोळा भरायला शिकवावे. धारदार चाकू, पट्टी आणि बसलेला हात एवढेच त्याचे भांडवल. घड्याळजी किंवा जरीकाम करणाऱ्याच्या बोटांत जी नजाकत असते, ती या कामाला हवी असते. रोपवाटिकांत अशा कारागिराला काम मिळते, आणि पुढे त्याची स्वतःची रोपवाटिका होऊ शकते.

पाच, कायदा समजून घ्यावा. २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने नोंदलेल्या वाणावर पैदासकाराचा मुदतीचा हक्क असतो; अशा वाणाची कलमे करून परवानगीशिवाय रोपवाटिकेत विकणे अंगाशी येऊ शकते. त्याच कायद्याने शेतकऱ्याला आपल्या शेतातले बियाणे जपण्याचा, बदलण्याचा, ब्रँड न लावता विकण्याचा हक्क दिला आहे. नवे वाण काढण्यासाठी संरक्षित वाणाचा मूळ म्हणून वापर करण्याची मुभाही आहे. शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या जपलेले वाणही त्यांच्या नावे नोंदवता येते. देशी गुलाबावर कुणाची रॉयल्टी नाही, हा त्याचा आणखी एक फायदा.

व्यापारी बंधूंनो, ज्या पिकावर आपण जगतो त्याच्या जातीची चौकशी न करणे आपल्याला परवडत होते, कारण आजवर कुणी ना कुणी ती झाडे राखत होते. कुठे एखादी म्हातारी अंगणात, कुठे एखादा मुजावर आवारात. ती माणसे जात आहेत, अंगणांवर इमारती येत आहेत. एकदा गेलेले वाण कोणत्याही भावाने परत मिळत नाही. येत्या हंगामात फुलांची पाटी समोर आली, की भाव ठरवण्याआधी एक फूल उचलावे, नाकाशी धरावे आणि विचारावे: याचे नाव काय? बाजाराची सवय एका प्रश्नाने बदलत नाही. पण पन्नास दुकानांत रोज तोच प्रश्न निघू लागला, तर पुढच्या लागवडीला शेतकरी त्याचे उत्तर घेऊनच येईल.